अपस्माराचें मूळ आणि मेंदूचें चित्र

पर्मनंट प्रेझेंट टेन्स : लेखिका, सुझॅन कॉर्किन. प्रकाशन-वर्ष २०१३.

‘अपस्मार’ हा शब्द ज्यानें प्रथम घडविला त्याची दृष्टि रोगाच्या बाह्य लक्षणांवर खिळलेली नव्हती. ग्रीकांनीं या रोगास जें नांव दिलें त्याचा अर्थ ‘झडप’; रोमन लोकांनीं दिलेल्या नांवाचा अर्थ ‘पडण्याचा रोग’. दोन्ही नांवें पाहणाऱ्याच्या बाजूनें पडलेलीं आहेत. मनुष्य कोसळतो, हातपाय आंखडतात, तोंडास फेंस येतो, हें सारें जवळ उभ्या असलेल्यास दिसतें. आमच्या वैद्यांनीं मात्र रोग्याच्या आंतून काय नाहींसें होतें तें पाहिलें, आणि स्मृतीचें जाणें तो अपस्मार, असें म्हटलें. चरकसंहितेंतहि स्मृति, बुद्धि आणि सत्त्व यांचा संप्लव हेंच या रोगाचें मुख्य लक्षण मानलें आहे.

रोगाच्या स्थानाविषयीं मात्र दोन्ही परंपरांचा मार्ग निराळा होता. हिपॉक्राटीसच्या संप्रदायांतील एका प्रसिद्ध प्रबंधांत, हा रोग इतर रोगांहून अधिक दैवी नाहीं व त्याचें मूळ मेंदूंत आहे, असें निक्षून सांगितलें आहे. चरकानें दोषांचा आघात हृदयावर कल्पिला आहे. स्थानाच्या बाबतींत ग्रीक ग्रंथकार बरोबर ठरला. स्वरूपाच्या बाबतींत आमचा शब्द अधिक मार्मिक ठरला. परंतु ‘मेंदूंत’ एवढें सांगितल्यानें भागत नाहीं. मेंदूंत म्हणजे नक्की कोठें? या प्रश्नास शास्त्रीय रूप येण्यास एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. लंडनच्या ह्यूलिंग्ज जॅक्सननें, झटका अंगठ्यापासून सुरू होतो कीं ओठाच्या कोपऱ्यापासून, हें बारकाईनें विचारून त्यावरून मेंदूंतील जागेचा तर्क बांधण्यास आरंभ केला; आणि १८८६ सालीं व्हिक्टर हॉर्स्ली या शस्त्रवैद्यानें तसल्या तर्कावर विसंबून रोग्यांच्या कवट्या उघडल्या. तेव्हांपासून आजतागाईत ‘कोठें?’ हाच या शास्त्राचा मुख्य प्रश्न राहिला आहे.

प्रस्तुत पुस्तक या प्रश्नासाठीं लिहिलेलें नाहीं. स्मृतिशास्त्राचें पुस्तक म्हणूनच त्याची ख्याति आहे, व ती यथार्थ आहे. तरीहि तें येथें परीक्षणास घेण्याचें कारण असें, कीं त्यांत वर्णिलेली शोकांतिका ‘कोठें?’ या प्रश्नाचें उत्तर हातीं नसतां शस्त्र हातीं घेतल्यामुळें घडलेली आहे. या बाजूनें पुस्तक वाचलें म्हणजे त्याचे गुणहि निराळे दिसतात आणि त्यांतील एक मोठी उणीवहि दिसते.

कथानायक हेन्री मोलेसन हा अमेरिकेंतील कनेक्टिकट संस्थानांत १९२६ सालीं जन्मला. बाप विजेचीं कामें करणारा. हेन्री हा एकुलता एक मुलगा. दहाव्या वर्षापासून त्यास क्षणभर भान हरपण्याचे लहान झटके येऊं लागले, आणि पंधराव्या वाढदिवशीं आईबापांबरोबर मोटारींतून जात असतां पहिला मोठा झटका आला. लहानपणीं सायकलच्या अपघातांत त्याच्या डोक्यास मार लागला होता. बापाच्या घराण्यांतहि हा रोग होता. या दोहोंपैकीं कारण कोणतें, याचा निर्णय कधींच झाला नाहीं. औषधांच्या मात्रा वाढवीत नेल्या तरी रोग आवरेना. अखेर वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं, १९५३ सालीं, हार्टफर्ड येथील विल्यम स्कोव्हिल या नामांकित शस्त्रवैद्यानें त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या टेंपोरल खंडांचा आंतील भाग काढून टाकला. कानशिलांच्या आंत खोलवर असलेला हिप्पोकँपस नांवाचा अवयव त्यांत मोठ्या प्रमाणांत गेला. ही शस्त्रक्रिया स्कोव्हिलनें पूर्वीं मनोरुग्णांवर केलेली होती; अपस्मारासाठीं ती करून पाहणें हा उघडउघड प्रयोग होता, व स्कोव्हिलनें स्वतःहि तसें लिहून ठेवलें आहे.

येथें वाचकानें क्षणभर थांबून विचारावें : त्या वेळीं शस्त्रवैद्याजवळ पुरावा काय होता? कवटीच्या क्ष-किरण चित्रांत हाड दिसे, मेंदू दिसत नसे. म्हणून कण्यांतील द्रव काढून त्याच्या जागीं हवा भरीत. ती वर चढून मेंदूंतील पोकळ्यांत शिरली म्हणजे चित्र घेत, आणि पोकळ्यांच्या आकारावरून भोंवतालच्या मेंदूचा अंदाज करीत. या परीक्षेनें रोग्याचें डोकें भयंकर दुखे, आणि हातीं लागे ती केवळ छाया. दुसरें साधन विद्युल्लेखाचें. हान्स बर्गर या जर्मन वैद्यानें मानवी मेंदूचा विद्युल्लेख १९२९ सालीं प्रसिद्ध केल्यापासून, टाळूवर तारा लावून आंतील विजेचे हेलकावे कागदावर उतरवितां येऊं लागले होते. हेन्रीच्या बाबतींत हवेचें चित्र निर्दोष निघालें. विद्युल्लेखांत सर्वत्र पसरलेली विकृति दिसली. विशिष्ट असें एकहि केंद्र सांपडलें नाहीं. म्हणजे दोन साक्षीदारांपैकीं एकानें ‘मला कांहीं दिसलें नाहीं’ असें सांगितलें, आणि दुसऱ्यानें ‘सगळीकडेच आहे’ असें सांगितलें. अशा साक्षींवर कोणताहि न्यायाधीश एका आरोपीस शिक्षा देणार नाहीं. येथें दोन्ही बाजूंच्या आरोपींस एकदमच शिक्षा झाली.

झटके पुष्कळ कमी झाले, हें खरें. परंतु त्या दिवसापासून हेन्रीच्या मनांत नवी आठवण ठरेना. नुकतीच भेटून गेलेली व्यक्ति पुन्हां आंत आली तर ती त्यास नवीन वाटे. ज्या रोगाचें नांवच स्मृतीचें जाणें असें आहे, त्याच्या उपचारानेंच रोग्याची स्मृति गेली. रोग ती कांहीं क्षणांपुरती हिरावून नेई; उपचारानें ती २००८ सालीं मृत्यु येईपर्यंत, पंचावन्न वर्षें, हिरावून नेली.

कॉर्किनबाईंनीं या माणसाचा अभ्यास १९६२ सालापासून त्याच्या अंतापर्यंत, म्हणजे शेंचाळीस वर्षें, केला. मानसशास्त्राच्या इतिहासांत इतका दीर्घ सहवास दुर्मिळ आहे, आणि त्याचें चीज त्यांच्या लेखनांत झालें आहे. त्यांची भाषा साधी आहे. परिभाषेचें अवडंबर नाहीं. हेन्री केवळ दोन आद्याक्षरांचा विषय न राहतां विनोदी, सौम्य, शब्दकोडीं सोडविण्यांत रमणारा असा एक सभ्य गृहस्थ म्हणून आपल्यासमोर येतो. आरशांत पाहून ताऱ्याची आकृति गिरवण्याचें कौशल्य तो दिवसेंदिवस सुधारीत गेला, पण आपण हें पूर्वीं केलें आहे हें त्यास एकदांहि आठवलें नाहीं. ब्रेंडा मिल्नर यांच्या या प्रसिद्ध प्रयोगाचें वर्णन इतकें सुबोध आहे, कीं हाताची स्मृति आणि मनाची स्मृति या दोन निराळ्या वस्तु आहेत हें सामान्य वाचकासहि सहज पटावें.

आतां आमचा मुख्य आक्षेप. पहिल्या प्रकरणांत अपस्माराचा संक्षिप्त इतिहास आहे. दुसऱ्यांत शस्त्रक्रियेची हकीकत आहे. पुढें मात्र स्मृतीच्या एकेका प्रकाराकडे लेखिका वळतात, आणि ज्या रोगापायीं हें सर्व घडलें तो मागें पडतो. हेन्रीच्या मेंदूनें स्मृतीविषयीं जगास काय शिकविलें, हें या पुस्तकांत भरपूर आहे. त्याच्या अपस्मारानें काय शिकविलें, हें शोधून काढावें लागतें. वस्तुतः तो धडाहि तितकाच मोलाचा आहे, आणि जगांत सुमारें ५ कोटि लोक या रोगानें पीडित असतां तो अधिक निकडीचा आहे. त्यांपैकीं सुमारें एक तृतीयांश लोकांस औषधांचा पुरेसा गुण येत नाहीं. त्यांतल्या कांहींच्या बाबतींत शस्त्राचा विचार आजहि करावा लागतो, व ‘कोठें?’ हा प्रश्न आजहि तसाच समोर येतो.

फरक पडला तो साधनांत. आज तसा रोगी मोठ्या रुग्णालयांत गेला तर प्रथम एम. आर. आय. चित्र निघतें. प्रबळ चुंबकीय क्षेत्रांत, शरीरांतील पाण्याचे जे हायड्रोजन-गर्भ, ते रेडिओलहरींनीं डिवचले असतां जे संकेत परत देतात त्यांवरून हें चित्र बनतें, आणि हवेच्या छायेंत कधींहि न दिसलेला हिप्पोकँपस त्यांत स्पष्ट दिसतो. तो सुकून लहान झाला असेल व विशिष्ट चित्रांत अधिक उजळ दिसत असेल, तर तेथें जुना व्रण आहे असें समजतात. हें झालें मेंदूच्या आकाराचें चित्र. पी. ई. टी. हें त्याच्या आहाराचें चित्र : दोन झटक्यांच्या मधल्या शांत काळांत रोगट भाग साखर कमी घेतो, तो फिका दिसतो. स्पेक्ट हें रक्तप्रवाहाचें चित्र, आणि तें घेण्याची तऱ्हा मोठी चमत्कारिक आहे. झटका सुरू होतांच कांहीं सेकंदांत किरणोत्सारी द्रव्य शिरेंत टोंचतात. तें त्या क्षणींच्या प्रवाहाप्रमाणें मेंदूंत जागच्या जागीं अडकून राहतें, आणि रोगी शांत झाल्यावर चित्र घेतलें तरी वादळाची खूण त्यांत उमटते. याशिवाय एम. ई. जी. यंत्र आहे. मेंदूंतील प्रवाहांमुळें उत्पन्न होणारें, पृथ्वीच्या क्षेत्राहून कोट्यवधि पटींनीं दुबळें असें चुंबकीय क्षेत्र तें संरक्षित खोलींत टिपतें. हीं सर्व चित्रें संगणकानें एकावर एक बसवितां येतात. तरीहि शंका राहिली तर, पॅरिस येथें तालैराख आणि बाँको यांनीं रूढ केलेल्या पद्धतीनें, बारीक विद्युदग्रें मेंदूंत खोलवर बसवून झटक्याची वाट पाहतात.

एवढी साधनें झालीं म्हणजे आतां मूळ ‘दिसतें’ असें म्हणण्याचा मोह होतो. वर्तमानपत्रांत तसें लिहिलेंहि जातें. येथेंच आपल्या नैयायिकांनीं केलेला प्रत्यक्ष आणि अनुमान यांतील भेद उपयोगी पडतो. मेंदूचें चित्र प्रत्यक्षाचा वेष घेऊन येतें, पण अपस्माराच्या मुळाविषयीं तें जें सांगतें तें अनुमान असतें. एम. आर. आय. मध्यें व्रण दिसतो, झटका दिसत नाहीं. पी. ई. टी. मध्यें भूक दिसते, व ती भूक रोगट जागेच्या पलीकडेहि पसरलेली असते. स्पेक्टमध्यें धांवून गेलेलें रक्त दिसतें. पण सुईला उशीर झाला तर झटका निघाला कोठून याऐवजीं पोहोंचला कोठें हें दिसतें. हे सर्व धूर आहेत. धुरावरून अग्नीचें अनुमान योग्य असलें, तरी धूर जेथें दिसतो तेथेंच अग्नि असतो असें नाहीं. म्हणूनच या शास्त्रांत झटक्याचीं लक्षणें उत्पन्न करणारें क्षेत्र, विद्युल्लेखांत विकृति दाखविणारें क्षेत्र, झटका जेथून उठतो तें क्षेत्र आणि चित्रांत दिसणारा व्रण, हे निरनिराळे मानतात. खरें मूळ म्हणजे, जेवढा भाग काढला असतां झटके कायमचे थांबतील तेवढा भाग. या व्याख्येंतील कठोरपणा ध्यानांत घ्यावा : मूळ कोठें होतें हें तें उपटल्यावरच सिद्ध होतें.

चित्र बरोबर जागा दाखवूनहि वाचणारा कसा चुकतो, याचें एक उदाहरण भारतांतच घडलें आहे. १९८० नंतरच्या दशकांत सी. टी. यंत्रें आपल्याकडे पसरूं लागलीं, तेव्हां झटके येणाऱ्या पुष्कळ रोग्यांच्या मेंदूंत एक लहानसें कडें दिसूं लागलें. क्षयाच्या देशांत ती क्षयाची गांठच असणार, असें समजून अनेकांस महिनेच्या महिने क्षयाचीं औषधें देण्यांत आलीं. पुढें वेल्लोर येथील राजशेखर आणि त्यांचे सहकारी यांनीं अशा गांठी काढून सूक्ष्मदर्शकाखालीं तपासल्या. त्यांपैकीं बहुतेक पट्टकृमीच्या मरूं घातलेल्या अळ्या निघाल्या, आणि अशा गांठी पुष्कळदां आपोआप विरून जातात असेंहि आढळलें. चित्र खोटें बोललें नव्हतें. त्याचा अर्थ लावणाऱ्यांनीं आपला पूर्वग्रह त्यांत वाचला होता.

मग चित्राचा उपयोग तो कोणता? आमच्या मतें त्याचा सर्वांत मोठा उपयोग शस्त्रास वाट दाखविण्याइतकाच शस्त्र आवरण्याचा आहे, आणि याचा पुरावा हेन्रीच्या शेजारींच उभ्या असलेल्या एका रोग्यांत सांपडतो. माँट्रियल येथें वाइल्डर पेनफील्ड यांनीं पी. बी. या आद्याक्षरांनीं ओळखल्या जाणाऱ्या एका अभियंत्याच्या मेंदूची केवळ डावी बाजू कापली होती. दुसरी बाजू शाबूत असल्यानें स्मृतीस धोका नसावा. तरीहि त्याची स्मृति हेन्रीसारखीच गेली. पेनफील्ड आणि मिल्नर यांनीं तर्क केला, कीं त्याचा उजवा हिप्पोकँपस आधींच निकामी झालेला असला पाहिजे, आणि शस्त्रक्रियेनें उरलेला एकुलता आधार गेला. पी. बी. वारल्यावर त्याचा मेंदू तपासण्यांत आला, व १९७४ सालीं प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत हा तर्क खरा ठरला. उजवी बाजू सुकलेली होती. ती मनुष्य जिवंत असतांना पाहण्याचें साधन तेव्हां नव्हतें. आज साध्या एम. आर. आय. चित्रांत ती दिसली असती, आणि शस्त्रवैद्याचा हात थांबला असता. कोणती बाजू रोगट आहे या प्रश्नाइतकाच, जी उरणार ती धड आहे काय, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. मेंदूची एक बाजू औषधानें कांहीं मिनिटें निजवून दुसरीची स्मृति तपासण्याची जी परीक्षा वाडा या शास्त्रज्ञाच्या नांवें प्रसिद्ध आहे, तिच्या मुळाशींहि हीच चिंता आहे.

मेंदूच्या या साक्षीदारांचें एकमत झालें म्हणजे काय साधतें, याचें प्रमाणहि उपलब्ध आहे. कॅनडांतील सॅम्युएल वीब आणि त्यांचे सहकारी यांनीं टेंपोरल खंडाच्या ८० रोग्यांची दोन सारख्या गटांत चिठ्ठ्यांनीं वांटणी केली. २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षाप्रमाणें, एका वर्षाअखेर शस्त्रक्रियेच्या गटांत ५८ टक्के लोक भान हरपणाऱ्या झटक्यांपासून मुक्त होते. औषधांच्या गटांत केवळ ८ टक्के. म्हणजे शस्त्रास सर्वस्वी दोष देणें अन्यायाचें होईल. मात्र ५८ टक्के म्हणजे १०० नव्हेत. उरलेल्या ४२ जणांत, मूळ म्हणून जें काढलें तें पूर्ण मूळ नव्हतें असें निघालेले लोक आहेत, हें विसरूं नये.

पुस्तकाचा जो भाग आम्हांस सर्वांत उद्बोधक वाटला तो येथेंच येतो. १९९२ व १९९३ सालीं हेन्रीच्या मेंदूचीं एम. आर. आय. चित्रें घेण्यांत आलीं, व त्यांचा निष्कर्ष १९९७ सालीं प्रसिद्ध झाला. स्कोव्हिलनें आपण ८ सेंटिमीटरपर्यंत भाग काढल्याचें लिहिलें होतें. चित्रांत ती पोकळी सुमारें ५ सेंटिमीटरच भरली, आणि हिप्पोकँपसचा मागील भाग सुकलेल्या स्थितींत शिल्लक दिसला. चाळीस वर्षें जगभर पाठ्यपुस्तकांतून जें वर्णन सांगितलें गेलें तें शस्त्रवैद्याच्या अंदाजाचें होतें! लहान मेंदूहि झिजलेला दिसला; ही झीज अपस्मारावरील औषधाच्या दीर्घ सेवनाची मानतात. चित्रानें येथें रोगाचें मूळ दाखविलें नाहीं; उपचाराची खूण दाखविली. हेन्रीच्या अपस्माराचें मूळ कोठें होतें, याचें उत्तर त्याच्या मृत्यूनंतर सॅन दिएगो येथें मेंदूचे २४०१ पातळ काप करूनहि मिळालें नाहीं.

या ठिकाणीं लेखिकेनें थांबून निवाडा द्यावयास हवा होता. स्कोव्हिलचा पश्चात्ताप त्या नमूद करतात. अशी शस्त्रक्रिया पुन्हां कोणी करूं नये म्हणून त्यानें इतरांस बजाविलें हेंहि सांगतात. बालपणीं त्यांचें घर त्याच्या घरासमोर होतें, व त्याची मुलगी त्यांची मैत्रीण होती, हें त्यांनीं प्रांजलपणें कळविलें आहे. तथापि केंद्र सांपडलें नसतां दोन्ही बाजू कां कापल्या, हा प्रश्न त्या खेदाच्या सुरांत मिटवितात. स्कोव्हिलचाच नातू ल्यूक डिट्रिच यानें २०१६ सालीं याच विषयावर लिहिलेल्या पुस्तकांत तो प्रश्न पुष्कळ अधिक धीटपणें विचारला आहे. कॉर्किनबाई त्याच वर्षीं निवर्तल्या. दोन्ही पुस्तकें शेजारीं ठेवून वाचलीं तर एकीचा जिव्हाळा आणि दुसऱ्याचा तिखटपणा एकमेकांस पुरे पडतात.

आम्ही उलट बाजूचा विचारहि करतों. १९५३ सालीं बेभान होऊन पडणारा तरुण, हतबल आईबाप आणि निरुपयोगी ठरलेलीं औषधें समोर असतां ‘कांहीं करूं नका’ असें सांगणें सोपें नव्हतें. परंतु निरुपायानें केलेल्या कृत्यास पुराव्याची प्रतिष्ठा देतां येत नाहीं. केंद्र न सांपडणें हें देखील एक उत्तर होतें, आणि तें उत्तर दुर्लक्षिलें गेलें. आजचें यंत्र कितीहि सूक्ष्म झालें तरी निर्दोष चित्र पुढें येण्याचे प्रसंग येतातच. अशा वेळीं अधिक शोध करावा कीं थांबावें, हें ठरविण्याचें काम यंत्राचें नाहीं.

सारांश, हें पुस्तक संग्राह्य आहे, आणि त्याचें चांगलें मराठी भाषांतर झाल्यास स्मृतीविषयीं आपल्या भाषेंत असलेली उणीव पुष्कळ भरून निघेल. भाषांतरकारानें अपस्मारावर एक स्वतंत्र प्रकरण जोडावें अशी आमची सूचना आहे. मेंदूच्या चित्राचें पाकीट मांडीवर घेऊन वैद्याच्या दाराशीं बसलेल्या आईबापांस ‘यांत काय दिसतें?’ एवढाच प्रश्न सुचतो. झटक्याची हकीकत, विद्युल्लेख आणि चित्र यांचें एकमत आहे काय, आणि काढल्यावर जें उरणार तें धड आहे काय, हे दोन प्रश्न त्यांनीं विचारावे एवढें जरी त्या प्रकरणानें साधलें, तरी हेन्री मोलेसनच्या अपस्मारापासून घ्यावयाचा धडा आपल्या वाचकांपर्यंत पोहोंचला असें म्हणतां येईल.